कुलपं तोडणाऱ्या सिस्टर

कुणी घरी जेवायला बोलावलं की सिस्टर दारात बूट काढता काढताच विचारायच्या, "मशीन कुठाय?"

यजमानीण बिचारी गोंधळायची. एकीने तर खरंच मोरीतलं वॉशिंग मशीन दाखवलं होतं. सिस्टरांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे नव्हे ओ. माणूस पडला तर लावायचं मशीन. ह्या बिल्डिंगीत नाही? खाली वॉचमनकडं? तिथंबी नाही? मग तुम्ही राहताय तरी कशाच्या जोरावर इथं?"

एवढं बोलून त्या टेबलाशी बसायच्या आणि पोटभर जेवायच्या. यजमानांची भूक मात्र उडालेली असायची. घरातला कर्ता पुरुष गुपचूप स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघतोय, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

मशीन म्हणजे एईडी. चालताबोलता माणूस एकदम कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास घेत नाही किंवा नुसता आचके देतो. अशा वेळी त्याचं हृदय बऱ्याचदा पूर्ण थांबलेलं नसतं, ताळ सोडून नुसतं थरथरत असतं. ते थरथरणं विजेच्या झटक्याने थांबवलं तर त्याला पुन्हा लय सापडू शकते. त्यासाठी ही डब्याएवढी पेटी. उघडली की बोलायला लागते. दोन चिकट पट्ट्या उघड्या छातीवर लावायच्या, एक उजव्या बाजूला गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली. झटका द्यायचा की नाही ते पेटीच ठरवते. विमानतळावर, मॉलमध्ये भिंतीवर ती टांगलेली असते आणि आपण तिच्याकडे आग विझवायच्या नळकांड्याइतकंही लक्ष देत नाही. सिस्टर मात्र कुठेही गेल्या की आधी ती शोधायच्या.

आम्ही सौदीत, राबिघला एका कंत्राटदार कंपनीच्या कॅम्पमधल्या दवाखान्यात एकत्र काम केलं. मी लॅबमध्ये, त्या नर्स. रिफायनरीच्या चिमण्या आमच्या खिडकीतून दिसायच्या. कॅम्पात पाच-सहा देशांची माणसं होती आणि सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. त्यांचं नाव किती जणांना माहीत होतं कोण जाणे. त्या गडहिंग्लजकडच्या. बुटक्या, रुंद हाडाच्या, जाड भिंगाचा चष्मा, पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज. बायकांचा तो काळा पायघोळ अबाया आता सक्तीचा राहिला नव्हता, पण त्या तो आवडीने घालायच्या, कारण जेद्दाच्या शराफिया भागातल्या एका शिंप्याकडून त्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी पोतडीसारखे खिसे शिवून घेतले होते. खिशात कात्री, दाढीचा वस्तरा आणि छोटा टॉवेल. पहिल्यांदा वस्तरा पाहिला तेव्हा मी दचकलेच.

"घाबरतीस काय? छातीवर केसांचं जंगल असलं की पट्टी चिकटत नाही. आणि ह्या उन्हात पडलेला माणूस घामानं भिजलेला असतोय. आधी पुसायचं, मग लावायचं."

त्या स्वतःबद्दल 'मी जातो, मी करतो' म्हणायच्या, त्यांच्या भागातल्या बायका म्हणतात तसं. मी रायगडच्या किनाऱ्यावरची, श्रीवर्धनची. आमच्या घरची बोली निराळी. पहिले काही दिवस मला वाटायचं, त्या दुसऱ्याच कुणाबद्दल सांगताहेत. वडील जेद्दात दुकान चालवायचे म्हणून मला लहानपणापासून अरबी येत होती. सिस्टरांना मात्र इतक्या वर्षांत 'यल्ला' आणि 'खलास'च्या पुढे अरबी आली नाही. गरज पडली की त्या मला हाताला धरून न्यायच्या आणि म्हणायच्या, "सांग ह्याला."

त्यांना एवढं मशीनचं वेड का, याबद्दल कॅम्पात निरनिराळ्या कथा होत्या. सगळ्यांत त्यांचा नवरा असाच पटकन गेलेला असायचा. कुणीतरी एकदा हळव्या आवाजात त्यांच्यासमोरच विषय काढला.

"कोण गेला? माझा नवरा?" सिस्टर उसळल्या. "चांगला धडधाकट हाय. एस्टीतून रिटायर झालाय, दुपारभर घोरतोय आणि संध्याकाळी फोनवर माझ्याशी भांडतोय. बाईनं एखाद्या गोष्टीसाठी भांडायचं म्हटलं की तिचं कुणीतरी मेलेलंच पायजे काय?"

हिवाळ्यात त्यांनी कॅम्पातल्या कामगारांना छाती दाबायला शिकवायचं ठरवलं. जागा एकच होती, पुरुषांची मेस. दारावरच्या सुपरवायझरने अडवलं. इथे लेडीज अलाउड नाहीत, म्हणाला.

"मी लेडीज नाही. मी सिस्टर हाय," असं मराठीतच सांगून त्या आत गेल्या.

त्यांच्याजवळ शिकवायचा पुतळा नव्हता. मागितला तर बजेट नाही म्हणाले. त्यांनी कोठीतून तांदळाची पोती आणवली, जेवणाच्या टेबलांमध्ये फरशीवर आडवी टाकली आणि प्रत्येक पोत्याच्या छातीवर खडूने फुली मारली. मग वेल्डर, फिटर, खानसामे, साठीचे फोरमन गुडघ्यांवर बसून पोती दाबू लागले. सिस्टर मधून हिंडत होत्या. "जोरसे! ये क्या सरपे तेल लगाते क्या? हाड मोडा तो मोडने दो! हाड जुडता है, मरा हुआ नहीं जुडता!" त्यांची हिंदी गडहिंग्लजहून निघून थेट राबिघला उतरली होती, वाटेत कुठेही थांबली नव्हती.

एका तरुण पंजाबी क्रेनवाल्याने विचारलं, "सिस्टर, गलत हो गया तो? हमारे हाथ से मर गया तो?"

सिस्टर त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या. "बेटा, वो मरेलाच है. तू उसको और क्या मारेगा? तेरे हाथ से एकच चीज हो सकती है. वो जी सकता है."

कॅम्पमध्ये तेव्हा मशीनं होती. मुख्य कंपनीची तपासणी यायची होती म्हणून आमच्या कंपनीने ती आणली आणि मेसमध्ये, वर्कशॉपमध्ये, बसथांब्यापाशी जाड प्लास्टिकच्या पेट्यांत लावली. आणि आमच्या कॅम्पच्या मॅनेजरसाहेबांनी प्रत्येक पेटीला कुलूप ठोकलं. ते भारतीयच होते, स्वभावाने वाईट नव्हते. महागाची वस्तू बिघडली तर वरचे विचारतील, एवढीच त्यांची धास्ती. "ही पोरं मोबाईल चार्ज करायला उघडतील," असं ते म्हणाले. किल्ल्यांचा जुडगा सिक्युरिटीच्या मुख्य माणसाच्या कमरेला.

सिस्टर दर आठवड्याला जाऊन साहेबांना सांगायच्या, कुलूप काढा. मशीन स्वतः तपासल्याशिवाय झटका देत नाही, धडधाकट माणसाला कुणी खेळ म्हणून लावलं तरी ते गप्प बसतं, चोरीची भीती असेल तर पेटी उघडताच भोंगा वाजेल अशी सोय करा. साहेब चहा मागवायचे, विचार करतो म्हणायचे. सिस्टर चहा न पिता परत यायच्या.

मग उन्हाळ्यात, भर दुपारी, जेवणाच्या रांगेत रामकेवल पडला.

रामकेवल पूर्व उत्तर प्रदेशातला परांची बांधणारा कामगार. थाळी हातात, पुढच्या माणसाशी काहीतरी बोलत होता आणि बोलता बोलता खाली गेला. लोकांनी सिस्टरांनी शिकवलेलं सगळं केलं. मेसच्या खानशाम्याने रांग मागे हटवली, गुडघ्यांवर बसून दाबायला घेतलं. पंजाबी क्रेनवाला पेटीकडे धावला. पेटी बंद. सिक्युरिटीवाला जेवणाच्या सुट्टीत मुख्य गेटवर. कुणी फोन करतंय, कुणी पेटीवर मोठ्या कालथ्याने घाव घालतंय. दवाखाना कॅम्पच्या दुसऱ्या टोकाला. निरोप आला तसं सिस्टर आमच्याकडचं मशीन छातीशी धरून त्या उन्हात धावल्या, मी मागे. आम्ही पोचलो तेव्हा खानसामा घामाने निथळत अजून दाबतच होता. सिस्टरांनी शर्ट कापला, छाती पुसली, पट्ट्या लावल्या. मशीनने तपासलं आणि सांगितलं, झटका देण्यासारखं काही नाही. थरथरही उरली नव्हती. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी आळीपाळीने दाबणं चालू ठेवलं. रामकेवल परत आला नाही.

त्या दिवशी सिस्टर रडल्या नाहीत. हात धुतले आणि खानशाम्याला शोधून त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू सही किया. सब सही किया. ये पेटी गलत थी."

दोन दिवसांनी साहेबांनी सिस्टरांना बोलावलं. मीही सोबत होते. साहेबांचा चेहरा उतरला होता, त्यांनाही झोप लागली नसावी. पण ते बोलले ते असं : हेड ऑफिसातून विचारणा होईल. सिस्टरांनी एवढंच सांगावं, की अटॅकच इतका मोठा होता की मशीन लगेच मिळालं असतं तरी उपयोग झाला नसता.

"ते मला ठाऊक नाही," सिस्टर म्हणाल्या.

"पण शक्यता तर आहे ना?"

"हाय. आणि वाचला असता अशीबी हाय. काय झालं असतं ते मला ठाऊक नाही, तुम्हालाबी नाही. ते कळायची सोयच तुम्ही कुलूप लावून बंद केलीत."

"सिस्टर, तो इन्सिडेंट झाला, त्याचं मलाही…"

"इन्सिडेंट नाही, साहेब. रामकेवल. त्याचं नाव घेऊन बोला, मग बोलू."

साहेबांनी नाव घेतलं नाही. सिस्टर उठल्या. तिथून त्या सरळ फिटर शॉपमध्ये गेल्या आणि साखळदंड तोडायचा लांब दांड्यांचा कटर मागितला. फिटरने कशाला हेही विचारलं नाही. चहाच्या सुट्टीची वेळ, सगळा कॅम्प सावलीला बाहेर बसलेला. सिस्टर आधी मेसमध्ये, मग वर्कशॉपमध्ये, मग बसथांब्याशी गेल्या आणि एकेक कुलूप तोडत सुटल्या. बसथांब्यावरचं जरा दणकट होतं. त्यांनी कटरचा एक दांडा भिंतीला टेकवला, दुसऱ्यावर सगळं अंग टाकलं, आणि 'कडाक्' झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तर त्यांच्यावरच ओरडल्या. "तमाशा है क्या? वो आदमी गया है!" तुटलेली कुलपं त्यांनी मेसमधल्या थाळीत घातली आणि थाळी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"साहब, मेरेकू निकालना है तो निकालो. लेकिन कुलूप नहीं लगानेका."

साहेबांनी काढलंच. करार संपायला थोडे महिने उरले होते, तो वाढवणार नाही असं त्यांना सांगण्यात आलं. नवी कुलपंही आली. पण ती लावायला कुणी तयार होईना. सिक्युरिटीवाला सुदानी होता, शांत, मितभाषी. त्याने किल्ल्यांचा जुना जुडगा साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, मी हे पुन्हा कमरेला बांधणार नाही. नवी कुलपं ड्रॉवरमध्येच राहिली.

मला वाटलं, आता उरलेले दिवस सिस्टर जपून राहतील. मी तसं सुचवूनही पाहिलं. त्या ठेचा लावून खुब्ज खात होत्या. अरबी रोटीला ठेचा हा त्यांचा रोजचा नाश्ता. "जपून ऱ्हायला काय झालंय? नोकरी तर गेलीच की. आता मला भ्यायला काय शिल्लक ठेवलंय त्यांनी?"

कॅम्पबाहेरच्या कॉलनीत भारतीय मुलांची एक छोटी शाळा होती. गार दिवस सुरू झाल्यावर तिचा क्रीडादिन ठरला. सिस्टरांनी मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं, मशीन आहे का? नाही, म्हणाले, लहान मुलांची शाळा आहे, कशाला लागेल? त्या सकाळी सिस्टरांनी दवाखान्यातलं मशीन उचललं. त्या दिवशी दवाखाना बंद, मेस आणि वर्कशॉपच्या पेट्या उघड्याच होत्या, त्यामुळे कॅम्पात अडचण नव्हती. त्यांनी परवानगी मागितली नाही. गेटवर सिक्युरिटीवाल्याने विचारलं, तर "शाळेत नेतो" म्हणाल्या. त्याने गेट उघडलं.

सिस्टरांनी पन्नाशी उलटल्यावर इथेच गाडी शिकून घेतली होती. त्यांच्या शेजारी बसणं हा हृदयासाठी मोठाच धोका होता. तशी मी त्यांच्याबरोबर शाळेत पोचले.

मैदानावर सतरंज्या, खुर्च्या, तंबूचं कापड. हिंदी शिकवणाऱ्या बाई माइकवर नावं पुकारत होत्या. त्या नाशिककडच्या, चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांचे यजमान आमच्याच कंपनीत इंजिनिअर. पोत्याच्या शर्यतीचा निकाल सांगता सांगता बाईंचा आवाज मध्येच थांबला. माइक पडल्याचा मोठा आवाज झाला आणि त्याच्या शेजारी बाई पडल्या.

सगळे धावले आणि चार पावलांवर थांबले. पुरुष एकमेकांकडे पाहत होते. "लेडीज को बुलाओ, लेडीज को," कुणीतरी ओरडलं. बाई तोंडाने घुर्र घुर्र आवाज करत होत्या. "साँस चल रही है," मुख्याध्यापक म्हणाले, "इन्हें अंदर ऑफिस में ले चलो."

"हात लावू नका!" सिस्टर तोवर पोचल्या होत्या. "ते श्वास नव्हे. उचलायचं नाही. पोरी, दाब!"

मी दाबायला घेतलं. तांदळाच्या पोत्यावर मी कितीदा तरी सराव केला होता. पण पोतं थंड असतं, आणि त्याला चेहरा नसतो. दाबता दाबता काहीतरी मोडल्याचं माझ्या तळहातांना कळलं. मी थबकले.

"थांबू नको! बरगडी हाय. दाब!"

सिस्टरांनी पेटी उघडली, कात्री काढली आणि बाईंच्या कुर्त्याला गळ्याशी लावली. बाईंचे यजमान इतका वेळ खांबासारखे उभे होते. ते एकदम पुढे आले. "सिस्टर, इथे नको! एवढी माणसं आहेत, सिस्टर, आधी आत तरी न्या…"

सिस्टरांनी वर पाहिलंही नाही. "आत न्यायला वेळ हाय तुमच्याकडं? माझ्याकडं नाही."

कात्री कुर्त्यातून, आतल्या कपड्यातून सरसर गेली. मंगळसूत्र त्यांनी मानेमागे सरकवलं. तेवढ्यात शाळेचा म्हातारा सौदी पहारेकरी गर्दीतून पुढे आला. त्याने डोक्यावरचा शेमाग काढला, ते लाल-पांढरं कापड दोन्ही हातांनी पसरून धरलं आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. उघड्या डोक्याने, भर मैदानात. तोंडाने कुराणातली आयत म्हणत होता. त्याला पाहून एका आईने ओढणी पसरली, दुसरीने अबाया काढून धरला, कुणी तंबूचं कापड ओढून आणलं. पाठमोऱ्या माणसांची भिंत उभी राहिली. आत आम्ही तिघी.

सिस्टरांनी पट्ट्या लावल्या. मशीन बोलू लागलं. रुग्णाला हात लावू नका, तपासत आहे. मी हात वर धरले. मग मशीन म्हणालं, झटका आवश्यक आहे.

"बाजूला! सगळे बाजूला!" सिस्टरांनी बटण दाबलं. बाईंचं अंग उडालं. "दाब, लगेच दाब, बघत बसू नको!"

मी दाबत राहिले. हात गळायला लागले तेव्हा सिस्टरांनी मला ढकलून जागा घेतली. मशीनने पुन्हा तपासलं, पुन्हा झटका. पुन्हा दाबणं. आणि मग बाईंनी हात हलवला. सिस्टरांच्या मनगटाला धरून त्या तो दूर ढकलू लागल्या. अगदी अशक्त, पण रागावलेला हात.

"असं पायजे," सिस्टर म्हणाल्या. "ढकल, बाई, ढकल मला."

अँब्युलन्सबरोबर आलेल्यांनी बाईंना नीट गुंडाळून नेलं. सिस्टर मैदानात बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, मांडीवर मशीन. पहारेकऱ्याने त्यांना पाण्याची बाटली आणून दिली. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. बराच वेळ शेजारी बसून राहिले.

पुढचं प्रकरण साहेबांच्या केबिनमध्ये आलं. या वेळी साहेब तयारीत होते. कंपनीची वस्तू परवानगीशिवाय गेटबाहेर नेली, म्हणजे चोरी. शिवाय भर मैदानात एका प्रतिष्ठित बाईंचे कपडे काढले, तेही त्यांच्या नवऱ्याने नको म्हटल्यावर. बाईंच्या यजमानांनी तक्रार दिली तर मामला पोलिसांत जाईल, सिस्टरांचं देश सोडणं अडेल, दुसरी नोकरी तर विसराच. पण सिस्टरांनी आत्ता माफी मागितली, आधीच्या कुलपांची आणि याची, आणि रामकेवलबद्दल बोलणं बंद केलं, तर सगळं मिटेल. चांगला दाखलाही मिळेल.

"माफी?" सिस्टर म्हणाल्या. "कुणाची? बाईंची मागतो. त्यांची बरगडी मोडली. तुमची नाही."

"मग तक्रार येईल," साहेब म्हणाले. "इंजिनिअरसाहेब येतच आहेत."

दार उघडलं आणि इंजिनिअर आले. त्यांच्या पाठोपाठ बाई आल्या. मी उठूनच उभी राहिले. हॉस्पिटलमधून सुटून थोडेच दिवस झाले होते. डाव्या खांद्याखाली कातडीत, हृदय पुन्हा थरथरलं तर झटका देणारं छोटं यंत्र बसवलेलं, एक हात छातीशी धरलेला, चालणं सावकाश. साहेब गडबडून खुर्ची पुढे करू लागले. त्या बसल्या नाहीत.

"तक्रार कुणी करायची होती?" बाईंनी विचारलं. तो खणखणीत आवाज आता घोगरा झाला होता.

"मॅडम, तुम्ही कशाला त्रास… हे सांगतील ना. घरच्या माणसांना किती मनस्ताप झाला असेल, सगळ्यांसमोर…"

"ह्यांना झालाय मनस्ताप. ह्यांना झोप येत नाही. रोज विचारतात, कोणी कोणी पाहिलं असेल." इंजिनिअर मान खाली घालून उभे होते. "पण छाती माझी आहे, साहेब. कपडे माझे फाटले. तक्रार असलीच तर ती माझ्याकडून घ्यावी लागेल. आणि मी सिस्टरांवर करणार नाही. तुम्ही चोरीची केस केलीत तर मी पोलिसांत येईन, आणि ते चोरलेलं मशीन नसतं तर मी कुठे असते ते सांगेन. मग कुलपांबद्दल विचारतील. तेही सांगेन. माझ्या वर्गात त्या मेसमधल्या खानशाम्याची मुलगी आहे. मला सगळं माहीत आहे."

मग इंजिनिअर पुटपुटले, "माझी तक्रार नाही." आणि थोड्या वेळाने, सिस्टरांकडे न बघता, "थँक्यू."

सिस्टर उठल्या, बाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "लई दुखतंय काय?"

"श्वास घेतला की दुखतं."

"घेत ऱ्हावा. दुखू दे."

चोरीची केस झाली नाही. माफीही झाली नाही. करार मात्र संपला तो संपलाच, आणि दाखल्यात कंपनीने फक्त 'काम केले' एवढंच लिहिलं. सिस्टरांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं ते वेगळंच. रामकेवलचं नाव साहेबांनी अखेरपर्यंत घेतलं नाही. "ते मी जिंकलो नाही," असं त्या सामान बांधताना म्हणाल्या.

नवी नोकरी मिळाली तर इकामा, म्हणजे राहायचा परवाना, तिकडे बदलून घेता येणार होता. मुदत थोडी होती. जेद्दात शराफियामध्ये एका खासगी दवाखान्याला नर्स हवी होती. मालक वयस्क सौदी गृहस्थ, त्यांना मुलाखत अरबीतच हवी होती. म्हणून सिस्टरांनी मला हाताला धरून नेलं. राबिघ ते जेद्दा पूर्ण रस्ता त्या गाडी चालवत होत्या आणि मी दुआ म्हणत होते, थोडी नोकरीसाठी, बरीचशी जिवासाठी.

"हे बघा सिस्टर," मी वाटेत सांगितलं, "का सोडली म्हणून विचारतील. करार संपला, एवढंच सांगू. खोटं नाही ना ते?"

"बघू की," त्या म्हणाल्या, आणि एका ट्रकला चुकीच्या बाजूने ओलांडून गेल्या.

मालकांच्या खोलीत खजूर आणि गहवा ही अरबी कॉफी आली. म्हाताऱ्यांच्या हातात जपमाळ होती. त्यांनी शिक्षण विचारलं, अनुभव विचारला, मुलं किती ते विचारलं. मग तो प्रश्न आलाच. आधीची नोकरी का सोडली?

मी मराठीत विचारलं. सिस्टर सरळ बसल्या. "सांग. माणूस मेला तेव्हा मशीनला कुलूप होतं. मग मी सगळी कुलपं तोडलो. म्हणून काढले."

मी म्हाताऱ्यांकडे वळले आणि अरबीत सांगितलं, की व्यवस्थापनाशी काही मतभेद होते, करार संपला.

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "कुलपाला हे लोक गुफ्ल म्हणतात. तो सुदानी शिकवलाय मला. तू बोललीस त्यात गुफ्ल मी कुठं ऐकलो नाही."

"सिस्टर, नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी म्हटलो तेच सांग."

म्हातारे आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. मी सांगितलं. गुफ्ल सांगितलं, रामकेवल सांगितला, कटर सांगितला, कुलपांची थाळी सांगितली. सांगता सांगता शाळेचं मैदानही सांगून टाकलं. जपमाळेचे मणी सरकायचे थांबले होते.

मग ते म्हणाले, "आमच्याकडेही मशीन आहे. या बाईंना सांग. खालच्या मजल्यावर कपाटात आहे. पेशंटबरोबर पोरं येतात, मोडतोड करतात, म्हणून कपाटाला कुलूप असतं. किल्ली माझ्याजवळ असते."

मी मान खाली घालून ते मराठीत सांगितलं.

सिस्टर खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून म्हाताऱ्यांच्या अगदी समोर गेल्या आणि हात पुढे केला. तळहात वर, बोटं ताठ. भाषांतराची गरज नव्हती. म्हाताऱ्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मग त्यांनी जपमाळ टेबलावर ठेवली, थोबच्या, त्या पायघोळ पांढऱ्या अंगरख्याच्या, खिशात हात घातला आणि किल्ली काढून सिस्टरांच्या तळहातावर ठेवली.

नोकरी मिळाली की नाही, हे विचारायला सिस्टर थांबल्याच नाहीत. पगाराचं बोलायला मला मागे ठेवून त्या कपाट शोधायला जिना उतरून गेल्या.